घाटेअळीतून निघालेली माशी

प्रश्न : तुरीवरची घाटेअळी बरणीत पाळली, पण पतंगाऐवजी करड्या, राठ केसांची माशी निघाली. हे कसे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : ही टॅकिनिड कुळातील परजीवी माशी असावी. या कुळातील अनेक माश्या अळीच्या अंगावर पांढुरकी अंडी चिकटवतात. त्यांतून निघालेली माशीची अळी घाटेअळीच्या शरीरात शिरते, तिला आतून खाते आणि पुढे तांबूस-तपकिरी कोषात जाते. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते येथे डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या जीवशास्त्रज्ञांच्या चमूने १९७८पासून रानातल्या अळ्या अशाच पाळल्या आणि कोणत्या अळीतून कोणती माशी निघाली याच्या नोंदींना डीएनएची जोड मिळाल्यामुळे, दिसायला सारख्या असलेल्या कितीतरी नव्या जाती वेगळ्या ओळखता आल्या. आपणही अळी, झाड आणि तारीख अवश्य टिपून ठेवावी. रेशीम उत्पादकांना छळणारी उझी माशी याच कुळातली आहे; तुरीत मात्र अशी माशी शेतकऱ्याच्या बाजूची असते.