सारखा बाबांचाच चेहरा काढते, आर्टला पाठवू का?

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीला आहे, तिचे बाबा सैन्यात ड्युटीवर असताना गेले त्याला सहा वर्षं झाली, आणि ती त्यांचा तोच वर्दीतला फोटो समोर ठेवून परत परत काढते, आता आर्टलाच जायचं म्हणतेय, तर हे दुःख आहे की खरंच करिअर, असं तुम्ही विचारलंय.

मला वाटतं दोन्ही आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तुम्ही मोबाईलवर पाठवलेली बाबांची अकराही चित्रं मी झूम करून बघितली. वर्दी अगदी परफेक्ट आहे, रिबन, बटणं, टोपीचा कोन, सगळं. पण चेहरा अकराही वेळा तोच, फोटोसाठी ताठ बसलेल्या माणसाचा. आणि मग ते वहीच्या मागच्या पानावरचं, काळ्या ट्रंकेवर बसून तुम्ही वाटाणे सोलताय, ते पेनने काढलेलं, त्यात बोटं नीट जमली नाहीयेत तरी ते सगळ्यात चांगलं आहे, कारण ते तिने समोर बघून काढलंय.

जर्मनीत केथे कोलवित्झ म्हणून मोठ्या चित्रकार होऊन गेल्या. त्यांचा १८ वर्षांचा मुलगा १९१४ मध्ये बेल्जियमला लढाईत मारला गेला, त्यांनी त्याचं स्मारक करायला घेतलं, आधी त्यात मुलगा होता, पण १९३२ मध्ये पुरं झालं तेव्हा मुलगा नाहीच, फक्त गुडघ्यावर बसलेले आईबाप, आणि चेहरे त्यांचे स्वतःचे नि नवऱ्याचे. तिला हे शिल्प नक्की दाखवा, फोटो नेटवर मिळतील.

आता अ‍ॅडमिशनचं. पोर्ट्रेट करायचं, म्हणजे माणसांचे चेहरे रंगवायचे, तर बीएफए (चित्रकलेची पदवी) पेंटिंग, चार वर्षं, मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट किंवा पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, दोन्हीकडे विचारा. त्यासाठी साधारण एएसी सीईटी, म्हणजे राज्याची कलेच्या पदवीसाठीची प्रवेशपरीक्षा, द्यावी लागते, कुठल्या कॉलेजला कुठली परीक्षा ते तिथेच विचारून घ्या, त्यात वस्तुचित्र, डिझाईन आणि स्मरणचित्र असतं. स्मरणचित्रात ती अडकेल, कारण तिला फोटो लागतो. म्हणून तिला बाबांबद्दल सांगा, सुट्टीवर आले की बनियनवर कसे बसायचे, चहा कसा प्यायचे, आणि ते ऐकून काढू दे.

पैशांचं खरं सांगते, पहिली काही वर्षं बांधलेला पगार नसतो, कमिशनची पोर्ट्रेट, क्लासेस असं जोडून चालतं. कलाशिक्षक व्हायचं तर वेगळं ट्रेनिंग लागतं. फीसाठी मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जाच, जवानांच्या मुलांसाठी योजना आहेत, कुठली लागू होते ते तिथेच कळेल. यात लाज वाटून घेऊ नका, तो तिचा हक्क आहे.

आणि एक काम तुमचं. रोज संध्याकाळी अर्धा तास खिडकीपाशी तिच्यासमोर बसा, वाटाणे घेऊन बसलात तरी चालेल. चित्र कसं झालं ते लगेच विचारू नका, ती स्वतःहून दाखवेल तेव्हा बघा. महिनाभराने त्यातली पाच मला पाठवा, मग सीईटीच्या क्लासचं ठरवू.