वाटणी जमिनीची होते, भांडण पाण्यावरून होतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील 71 वर्षांचे, आई आहे, दोघे भाऊ, एक बहीण. साडेसात एकर रान, त्यात तीन एकर विहिरीखालचं बागायत, बाकी जिरायत. एक जुनं घर, एक नवं. वडील म्हणतात, डोळ्यांदेखत वाटून देतो, म्हणजे नंतर कोर्टाची पायरी नको. आणि तुम्ही विचारताय की दोघा भावांत अर्धं अर्धं केलं की झालं का.

नाही झालं. तुमच्या गणितात दोनच माणसं आहेत, घरात पाच.

आधी रान वडिलांकडे आलं कसं ते बघा. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं असेल तर हिंदू कुटुंबात बहिणीचा जन्मानेच वाटा आहे, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून. तिचं लग्न कधी झालं हा प्रश्नच येत नाही. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात होते का यावरही बरीच वर्षं वाद चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये मिटवला : असायलाच हवेत असं नाही. तुमचे वडील समोर बसलेत, त्यामुळे तुम्हाला ती पळवाट तशीही नव्हती. दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. आपल्याकडे बापलेकांत वाटणी झाली की आईलाही मुलाइतकाच वाटा निघतो. म्हणजे वडील, आई, तुम्ही दोघे आणि बहीण, पाच वाटे. साडेसात एकर म्हणजे 300 गुंठे, त्याचे 60-60. रान वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते त्यांच्या मर्जीने, कुणाला किती द्यायचं ते देऊ शकतात, हयातीत बक्षीसपत्राने किंवा मागे मृत्युपत्राने. मुलाला, मुलीला किंवा नातवाला शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त 200 रुपये लागतो, त्यामुळे खर्चाचं कारण सांगून कच्चा कागद करू नका.

बहिणीबद्दल एक बोलतो, राग मानू नका. भाऊबीजेला बोलावून ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद सरकवणारे भाऊ मी पाहिलेत. सही मिळते हो, पण पुढच्या वर्षी ताट येत नाही. तिला काय हवंय ते आधी विचारा. तिला रान नको, पैसे हवे असतील. किंवा काहीच नको असेल. तसं असेल तर तिने स्वतःहून नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. मात्र विचारताना आई समोर नको, आईसमोर मुली खरं बोलत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे. आमच्याकडे 1989 साली आजोबांनी वाटणी केली, माझे वडील आणि चुलते यांच्यात. गावातली चार शहाणी माणसं बसली, साखळी टाकून रान मोजलं, दगड रोवले, चिठ्ठ्या टाकल्या. गुंठाभरसुद्धा इकडंतिकडं नाही. विहीर सामाईक, पाणी आठवड्याची पाळी, एक आठवडा आमचा, एक त्यांचा. सगळ्यांना वाटलं, यापेक्षा चोख काय असणार?

पुढे आमच्या फीडरची, म्हणजे शेतीला वीज आणणाऱ्या लाइनची, वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी झाली. आमचा आठवडा नेमका रात्रीचा आला. आठवड्याआड पाळी आणि आठवड्याआड वीज, त्यामुळे तो कायमच रात्रीचा राहिला. वडील तीन वर्षं रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जात होते आणि चुलते दिवसा चहा पिऊन निवांत. चुलत्यांची लबाडी काही नव्हती, आखणीच तशी पडली होती. पण तीन वर्षं कुणी थंडीत काकडलं की हिशोब आखणीचा राहत नाही, माणसाचा होतो. पाळी दहा दिवसांची करायची एवढीच दुरुस्ती होती, ती सुचायला दोघांचा अबोला संपावा लागला.

म्हणून सांगतो, विहिरीत कुणाचा किती हिस्सा, पाळी कशी, मोटर जळली तर रिवाइंडिंगचा खर्च कोण देणार, वीजबिल कुणाच्या नावावर, गाळ काढायचा कधी आणि पाइपलाइन कुणाच्या वाट्यातून जाणार हे सगळं वाटणीपत्रात लिहा. विहिरीचा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्या. रस्त्याचंही तसंच. वाट गाडीरस्त्याची होती तेव्हा बैलगाडी निघाली की पुरे व्हायचं, आता उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वळला पाहिजे. 'पूर्वीप्रमाणे वहिवाट' असं लिहून मोकळं होऊ नका. किती फूट, कुठल्या बांधाने, कुठपर्यंत ते लिहा आणि नकाशात दाखवा. मी 12 फुटांच्या खाली येऊ नका म्हणेन.

रान पाडताना बहुतेक जण बागायताचे पाच आणि जिरायताचे पाच तुकडे करतात, म्हणजे प्रत्येकाला 24 गुंठे बागायत, 36 गुंठे जिरायत. न्याय दिसतो चोख. पण लांबट पट्ट्या पडल्या तर औत वळायलाच निम्मी जागा जाते. शिवाय पुढचं बघा. तुकडेबंदीच्या कायद्यात 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांना प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायत 20 आणि बागायत 10 गुंठे आहे. तुमच्या 36 गुंठ्यांचे तुमच्या दोन मुलांत 18-18 झाले की तो तुकडा ठरला, त्या पिढीला वाटणी करताच येणार नाही, एकाने घ्यायचं आणि दुसऱ्याला पैसे द्यायचे. त्यापेक्षा आताच बागायत-जिरायताचा आपसात भाव ठरवा. उदाहरणार्थ एक एकर बागायत म्हणजे दोन एकर जिरायत, किंवा तुमच्या रानाला जे लागू पडेल ते. मग कुणी थोडं बागायत घेईल, कुणी मोठा सलग जिरायत तुकडा. वाटे थोरल्याने पाडावेत आणि आधी धाकट्याने उचलावा. ही जुनी रीत चिठ्ठीपेक्षा मला बरी वाटते, कारण पाडणाराच मग वाटे जपून पाडतो.

आई-वडिलांचा वाटा कागदावर त्यांच्याच नावे ठेवा. 'आम्ही सांभाळूच की' म्हणून सगळं मुलांच्या नावे करून, मग सहा महिने इकडं सहा महिने तिकडं अशी बोचकी घेऊन हिंडणारी म्हातारी माणसं कमी नाहीत. वडिलांना हयातीतच आणखी काही द्यायचं असेल तर 'सांभाळाच्या अटीवर' ही अट बक्षीसपत्रातच घाला. अट पाळली नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागू शकतात. अट लिहिलेली नसेल तर त्यांची बाजू लंगडी पडते.

कागदाचा मार्ग थोडक्यात. सगळे एकमताने असाल तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा किंवा जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज द्या. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतलाय, त्यामुळे 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून 'वाटणी झाली' म्हणण्याला आता निमित्त उरलं नाही. हक्काबद्दलच वाद असेल तर तहसीलदार वाटप करत नाहीत, दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि तिथला हुकूमनामा झाला तरी सरकारी धाऱ्याच्या, म्हणजे शेतसारा लागणाऱ्या, जमिनीचं प्रत्यक्ष वाटप पुन्हा महसूलकडूनच होतं. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असेल तर कर्ज कुणाच्या वाट्याला किती तेही लिहा. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलण्याच्या नोंदीला, हरकतीची 15 दिवसांची नोटीस निघते, ती संपून नोंद मंजूर झाल्याशिवाय पेढे वाटू नका.

आता घरातलं सामान. यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय, 'भांडीकुंडी आपसात बघून घेऊ'. तिथेच फसाल.

आमच्या वाटणीत सगळी भांडी अंगणात मांडली होती. तांब्याचे हंडे, पितळी परात, घंगाळ, ओघराळी, डबे. आजी आणि दोन्ही सुना प्रत्येक भांडं उलटं करून काठावरचं कोरलेलं नाव वाचत होत्या. आजोबांचं नाव असलेली भांडी ढिगात जायची. माहेरचं नाव असलेली ज्या सुनेची त्या सुनेच्या पाटाजवळ, ती वाटणीत धरायचीच नाहीत. हे स्त्रीधन, कायदाही तेच म्हणतो. दोन तासांत भांडी संपली, एक घागर राहिली. तिच्यावर नाव नव्हतं. आई म्हणे माझ्या बाळंतपणात आली, काकू म्हणे माझ्या. आजीने ती उचलून माळ्यावर टाकली. अजून तिथंच आहे, आतून हिरवी पडलीय.

तेव्हा यादी करा, बसून, सगळ्यांच्या समोर. आईचे दागिने यादीत घेऊच नका, ते तिचे, ती देईल त्याला. जनावरं, अवजारं, ट्रॅक्टर, फवारणी पंप यांची किंमत धरून वाट्यात टाका. देव थोरल्याकडे की आई राहील तिथे, हे आईला ठरवू द्या. फोटो, जुने कागद, खरेदीखतं, पावत्या यांच्या झेरॉक्स सगळ्यांना, मूळ प्रती एकाकडे आणि त्या कुणाकडे ते वाटणीपत्रात.

पण यातलं काहीही करण्याआधी तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन सातबारा, आठ अ आणि मागचे सगळे फेरफार काढा. रान आजोबांच्या नावावरून वडिलांकडे कुठल्या फेरफाराने आलं, वारस म्हणून की वाटणीने की खरेदीने, आणि भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, एवढं बघा. वर्ग 2 म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, तशी असेल तर आधी परवानगीचं बघावं लागेल. नावं झाकून तो फेरफार इथे टाका. आत्याबाई आहेत का तेही लिहा, कारण त्यांचं नाव फेरफारात राहून गेलं असेल तर तुमचे पाच वाटे पाच राहणार नाहीत.