लग्नाच्या सजावटीत करिअर : आधी फुलांच्या बादल्या, मग मूड बोर्ड

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात सगळे सविस्तर आणि मोकळेपणाने लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपली कन्या वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पदवीनंतर लग्नसमारंभांच्या सजावटीच्या क्षेत्रात जायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे. तिच्या मोबाइलमध्ये सजावटीच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह आहे आणि नात्यातल्या एका लग्नात तिने केलेल्या मांडणीचे सर्वांनी कौतुक केले. आपले प्रश्न तीन आहेत : हा खरोखर व्यवसाय आहे की नुसती हौस, त्यासाठी वर्षभराचा महागडा अभ्यासक्रम करावा का, आणि मैत्रिणीसोबत लगेच स्वतःची फर्म काढण्यासाठी ती मागत असलेले भांडवल द्यावे का. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी बरीच वर्षे याच क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे हे उत्तर थोडे आतल्या बाजूने लिहिते आहे.

हा व्यवसाय आहे आणि चांगला व्यवसाय आहे. मात्र आपल्या कन्येच्या मोबाइलमधली छायाचित्रे त्याची फारशी ओळख करून देत नाहीत. छायाचित्र काढले जाते ते सर्व काही जागेवर असते, पाहुणे अजून आलेले नसतात आणि दिवे नुकतेच लागलेले असतात अशा अर्ध्या तासात. त्या अर्ध्या तासाआधीचे आठवडे आणि नंतरची रात्र म्हणजे हा व्यवसाय. त्यातला माल नाशवंत असतो, हॉल मोजक्या तासांसाठीच ताब्यात येतो आणि तारीख हलत नाही. बहुतेक व्यवसायांत काम चार दिवस उशिरा दिले तर दिलगिरी व्यक्त करून निभावून नेता येते, इथे ती सोय नाही. म्हणून ‘मुलीची आवड पक्की आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘तिला यातले कोणते काम आवडते’ असा प्रश्न तिला विचारावा, असे मी सुचवेन.

फुलांचेच उदाहरण घ्या. खोक्यातून येणारी फुले बहुधा कोरडी आणि तहानलेली असतात. देठाचा जो भाग पाण्यात बुडणार त्यावरची सगळी पाने आधी काढावी लागतात, कारण ती पाण्यात कुजली की जिवाणू वाढतात आणि देठाच्या नळ्या बुजतात. मग धारदार चाकूने देठ तिरका कापायचा, म्हणजे तो बादलीच्या तळाशी सपाट टेकून बसत नाही आणि पाणी ओढत राहतो. बादल्या घासूनपुसून स्वच्छ हव्यात, हे काम कोणालाच आवडत नाही आणि फुलांचे आयुष्य मात्र त्यावरच अवलंबून असते. यानंतर फुलांना थंड जागी काही तास, शक्यतो रात्रभर, पाणी पीत ठेवायचे. गुलाब समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी आणावे लागतात, कारण त्या दिवशी ते पूर्ण उमललेले दिसायला हवेत. लिली कळीच्या अवस्थेत येत असल्यामुळे तिला आणखी वेळ द्यावा लागतो. बहुतेक फुलांना २ ते ४ अंश सेल्सिअसची शीतखोली मानवते, पण ऑर्किड आणि अँथुरियम यांसारखी उष्ण प्रदेशातली फुले तिथे ठेवली तर काळवंडतात. त्यांना साधारण १२-१३ अंशांच्या खाली नेता येत नाही. त्याच शीतखोलीत कोणी फळांची पेटी ठेवली, तर पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून जातात. हायड्रेंजिया हे फूल फुलोऱ्यातूनही पाणी शोषते, त्यामुळे मान टाकलेला गुच्छ पाण्यात पूर्ण बुडवून ठेवला तर अनेकदा पुन्हा टवटवीत होतो. लिली उमलू लागली की तिचे परागकोश एकेक करून चिमटीने काढावे लागतात, नाहीतर केशरी पराग कुणाच्या तरी महागड्या पोशाखावर सांडतात. तो डाग पाण्याने पुसायचा नसतो, चिकटपट्टीने अलगद उचलायचा असतो.

हे मी इतक्या तपशिलात लिहिले, कारण या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलामुलींचा पहिला हंगाम बव्हंशी याच कामात जातो. हे वाचून आपल्या कन्येला कंटाळा आला, तर तिला सजावट पाहणे आवडते, करणे नव्हे. तिने उलट ‘मग ट्यूलिपचे काय?’ असे विचारले, तर मात्र तिला अडवू नये.

दुसरी बाजू हिशेबाची आहे आणि वाणिज्य शाखेची पदवी इथे उपयोगी पडते. ती अर्धवट सोडण्याचा विचारही तिने करू नये. ६० इंच व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ माणसे ऐसपैस बसतात, दहा दाटीवाटीने. टेबलाची उंची ३० इंच असेल तर जमिनीपर्यंत पोहोचणारे कापड १२० इंच व्यासाचे लागते; ९० इंचांचे मागवले तर टेबलाचे पाय उघडे दिसतात. मधली पुष्परचना एक तर फूटभर उंचीच्या आसपास हवी, नाहीतर बारीक दांड्यावर दोन फुटांच्या वर, कारण या दोहोंमधली उंची समोरासमोर बसलेल्यांच्या चेहऱ्यांआड येते. एका रचनेला २२ देठ लागत असतील आणि टेबले ४० असतील, तर ८८० देठ झाले. मोडतोडीसाठी १० टक्के धरले की ९६८. फुले जुड्यांनी मिळतात, त्यामुळे २५ च्या ३९ जुड्या मागवाव्या लागतील. एका रचनेला २० मिनिटे धरली, तर एकट्या माणसाचे तेरा तासांहून अधिक काम आहे. हॉल चारच तास मिळणार असेल तर चार माणसे हवीत, किंवा रचना आधी कार्यशाळेत करून न्यायला हव्यात. आणि पाण्याने भरलेली ४० पात्रे वाहनातून न सांडता कशी न्यायची, हा प्रश्न मग उभा राहतो. कोटेशन म्हणजे या सगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. रंगसंगती जुळवणारे पुष्कळ भेटतात. असे कोटेशन बिनचूक तयार करणाऱ्या माणसाला मात्र कोणतीही फर्म सहसा सोडत नाही.

प्रकाशाबद्दल थोडेच लिहिते, कारण तो शिकायला स्वतंत्र वेळ लागतो. गडद लाल फुले पिवळसर दिव्यांखाली शोभतात आणि निळ्या एलईडीखाली काळी दिसतात. निळी-जांभळी फुले मेणबत्तीच्या उजेडात राखाडी होऊन जातात. पांढऱ्या फुलावर जो रंग टाकाल तोच ते घेते. त्यामुळे दिवसाउजेडी दुकानात पसंत केलेले फूल संध्याकाळी त्या हॉलमध्ये कसे दिसेल, हे तिथल्याच दिव्यांखाली नमुना मांडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

मी स्वतः कोणत्याही डेकोरेटरचे काम पाहताना आधी बॅकड्रॉपच्या, म्हणजे मंचामागच्या सजवलेल्या पडद्याच्या, मागे जाते. पुढून सगळेच सुंदर असते. मागे वायरी कशा बांधल्या आहेत, सांगाड्याच्या पायांवर पुरेसे वजन ठेवले आहे का, पडद्यांनी बाहेर पडण्याचा दरवाजा झाकला तर नाही ना, यावरून त्या माणसाची पारख होते. मोकळ्या जागेत ताणलेले कापड वाऱ्यात शिडासारखे काम करते आणि सबंध सांगाडा ओढून नेऊ शकते. छतापासून फुले टांगायची झाल्यास फुले, जाळी, पाणी आणि साखळ्या या सर्वांचे वजन धरावे लागते, आणि एक लिटर पाण्याचे एक किलो होते हे उत्साहाच्या भरात सहज विसरले जाते. असे टांगकाम त्यातल्या प्रशिक्षित लोकांनी, इमारतीच्या व्यवस्थापनाने मान्य केलेल्या आधारांवरूनच करायचे असते. मेणबत्ती ज्योतीपेक्षा उंच काचेत, आणि कापड आगप्रतिरोधक. ग्राहक यातले काहीही विचारत नाही, म्हणून डेकोरेटरने ते स्वतःहून पाहायचे असते.

आता अभ्यासक्रमाविषयी. या क्षेत्रात ग्राहक प्रमाणपत्र मागत नाही. तुम्ही केलेली कामे आणि तुम्ही कोणाच्या हाताखाली शिकलात, हे विचारतो. त्यामुळे अभ्यासक्रम निरुपयोगी ठरत नाही, पण तो केव्हा करावा हे महत्त्वाचे आहे. प्रत्यक्ष कामाचा एक हंगाम पाहिलेली मुलगी वर्गात नेमके प्रश्न विचारते. न पाहिलेली मूड बोर्ड (कल्पनेची चित्रे आणि रंगांचे नमुने लावलेले फलक) चिकटवत वर्ष घालवते. प्रवेश घेण्यापूर्वी आपण स्वतः संस्थेत जाऊन विचारावे की आठवड्यातले किती तास विद्यार्थ्यांच्या हातात खरी फुले आणि अवजारे असतात, प्रत्येकाकडून स्वतंत्र अंदाजपत्रक करून घेतात का, आणि प्रत्यक्ष समारंभात उभारणीबरोबर उतरवणीलाही नेतात का. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : देठ खोचण्यासाठी वापरतात त्या पाणी शोषणाऱ्या हिरव्या फ्लोरल फोमशिवाय रचना करायला शिकवतात का? १९५०च्या दशकात आलेला हा फोम फिनॉलपासून बनणारे प्लास्टिक आहे; त्याचा चुरा होऊन सूक्ष्म प्लास्टिक पाण्यात आणि मातीत जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत त्याला बंदी केली आहे. अनेक डिझायनर आता तारेची जाळी, खिळ्यांचे पुष्पाधार आणि पाण्याच्या नळ्या वापरू लागले आहेत. जी संस्था अजून केवळ फोमवर शिकवते, ती जुना व्यवसाय शिकवते.

‘शिकलेली मुलगी फुले लावत बसणार का’ हे आपण थेट लिहिलेले नाही, पण दोन ओळींच्या मध्ये ते मला दिसले. इंग्लंडमधल्या कॉन्स्टन्स स्प्राय या बाई लंडनच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वयाच्या चाळिशीत ती नोकरी सोडून त्यांनी १९२९ मध्ये फुलांचे दुकान काढले. कुंपणावरच्या रानवेली आणि भाज्यांची पानेसुद्धा त्यांनी रचनांत आणली, पुढे पुष्परचनेची शाळा चालवली, आणि १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या पुष्पसजावटीचे काम त्यांच्याकडे आले. आपल्या कन्येची पदवीही अशीच तिच्या कामी येईल, वाया जाणार नाही.

ग्राहकांच्या बाबतीत एक बदल तिने लक्षात ठेवावा. आजकाल लोक संगणकाने तयार केलेली चित्रे घेऊन येतात. त्यात निसर्गात नसलेल्या रंगाची फुले असतात आणि आधाराशिवाय हवेत उभ्या राहिलेल्या कमानी असतात. अशा वेळी यातले काय होईल, काय होणार नाही आणि त्याच्या जवळचे काय करता येईल, हे न दुखावता सांगणारा माणूस लागतो. ठरलेले सर्व लेखी घ्यावे. ऐनवेळी एखादे फूल मिळाले नाही तर त्याऐवजी कोणते वापरायचे, हेही त्याच कागदावर असावे. स्वतःच्या कामाची छायाचित्रे पहिल्या दिवसापासून जपावीत आणि दुसऱ्याच्या कामाची छायाचित्रे आपली म्हणून दाखवण्याचा या क्षेत्रातला जुना रोग तिने लावून घेऊ नये.

राहिला भांडवलाचा प्रश्न. आत्ता देऊ नका. सजावटीच्या नव्या फर्म बहुधा काम न मिळाल्यामुळे बुडत नाहीत, मिळालेल्या ॲडव्हान्सला उत्पन्न समजल्यामुळे बुडतात. सहा महिन्यांनंतरच्या लग्नासाठी आलेले पैसे गेल्या लग्नाची देणी फेडण्यात जातात आणि ते लग्न जवळ आले की फुले आणायला हातात काही उरत नाही. दुसरा खड्डा सामानाचा असतो. पात्रे, कापडे, कमानी विकत घेतल्या की त्या ठेवायला जागा लागते आणि दोन हंगामांत त्यांची फॅशन जाते, म्हणून सुरुवातीला सगळे भाड्याने आणावे. शिवाय दोघी मैत्रिणींना डिझाइनच करायचे आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते. मग हिशेब, वाहतूक आणि रात्री दोन वाजता उतरवणीवर कोण उभे राहणार, हे त्यांनी आधी आपसात लिहून काढावे.

माझी सूचना अशी की परीक्षा संपल्यावर तिने एखाद्या प्रस्थापित डेकोरेटरकडे, ऑफिसात नव्हे तर कार्यशाळेत आणि साइटवर, एक पूर्ण हंगाम काम करावे. मानधन थोडे असले तरी घ्यावे, फुकट करू नये. रात्रीच्या कामानंतर कर्मचाऱ्यांना घरी पोहोचवण्याची व्यवस्था काय आहे, हे आपण पालक म्हणून अवश्य विचारा, त्यात संकोच नको. हंगाम संपल्यावर तिला एका काल्पनिक लग्नाचे पूर्ण अंदाजपत्रक स्वतः करायला सांगा आणि दोघे मिळून ओळीओळीने वाचा. त्यात मजुरी, वाहतूक, फुलांची नासाडी, भाड्याच्या सामानाची मोडतोड, समारंभानंतरची उतरवणी आणि कचऱ्याची विल्हेवाट या सगळ्यांचे आकडे असतील, तर पहिल्या एका कामापुरते खेळते भांडवल द्यायला माझी हरकत नाही. उतरवणीची ओळच नसेल, तर तिने आणखी एक हंगाम दुसऱ्याकडे काढावा.

कळावे,
आपली समुपदेशक