लोकांसमोर दोन तासांत अमूर्त चित्र खरोखर काढता येते का, की ते घरीच ठरवून आणलेले असते?

प्रात्यक्षिकात रंगवलेले अमूर्त चित्र तिथेच सुचते की घरी गिरवून आणलेले असते, असे आपण विचारले आहे. मी बेळगावात सव्वीस वर्षे जाहिरातींची चित्रे केली आणि गेली नऊ वर्षे अमूर्त चित्रे रंगवतो आहे, म्हणून अनुभवावरून लिहितो.

घरी तयारी होते, चित्र होत नाही. तीन बाय चार फुटांच्या कॅनव्हासला गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात देऊन तो वाळवून नेतो. रंग चार-पाचच, आणि तेही ॲक्रिलिक, कारण त्याचा पातळ थर पंधरा-वीस मिनिटांत वाळतो व त्यावर दुसरा चढवता येतो. तैलरंगात त्यासाठी दिवस जातात.

खरी अडचण हाताच्या सवयीची असते. उद्यमबागेतल्या कारखान्याचा कॅटलॉग असो की कुंद्याच्या डब्यावरचे लेबल, ले-आउट मंजूर झाला की चित्र मनात पुरे झालेले असे, आणि गिऱ्हाईक ‘छान’ म्हणाले की काम संपे. प्रात्यक्षिकात समोरचे सगळे लोक नकळत त्या गिऱ्हाइकाच्या जागी येऊन बसतात.

गेल्या वर्षी टिळकवाडीतल्या एका सभागृहात अर्धा तास झाल्यावर मी गेरूच्या ओल्या थरावरून सुरी आडवी ओढली, तेव्हा खालचा निळा वर आला आणि उजवीकडे डोंगराची कड उमटली. पुढच्या रांगेतला एक मुलगा “राजहंसगड!” म्हणून ओरडला आणि टाळ्या पडल्या. ती कड सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. पण एकदा तो डोंगर ठरला की वरचे सगळे आभाळ होते, खालचे शेत होते आणि उरलेल्या कॅनव्हासला स्वतःचे काही म्हणायला जागा राहत नाही. थर ओला होता तोवर मी फडक्याने ती पुसली. “सर, कशाला पुसालायसा?” असे एक आजोबा कळवळून म्हणाले, आणि त्यांचे मला मनापासून पटले. हे हुबेहूब चित्रे काढणारे आणि शिकवणारे के. बी. कुलकर्णी यांचे गाव आहे. चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) इथेच जन्मले आणि त्यांच्याकडे शिकले. हुबेहूब चित्रावर घडलेल्या नजरेला असे पुसणे लागणारच. म्हणून हात थांबवून मी कारण सांगितले, आणि माझ्या मते त्या दोन तासांतला तोच भाग सर्वांत उपयोगी ठरला.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि सुरीने थरावर थर चढवत, खरवडत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत. त्यांच्या कामातला मोठा वेळ नुसते बघण्यात जाई. तो वेळ प्रात्यक्षिकात दाखवायचा कसा? मी कॅनव्हाससमोर खुर्ची मांडतो, “आता दहा मिनिटे मी काहीच करणार नाही” असे सांगतो आणि बसतो. सुरुवातीला चुळबुळ होते, मग लोकही बघू लागतात.

टिळकवाडीतले ते चित्र त्या दिवशी पुरे झाले नाही, आणि तसे मी सभागृहातच सांगितले. घरी ते तीन आठवडे भिंतीला टेकून होते. डाव्या कोपऱ्यातला काळा कमी केल्यावर मी त्यावर सही केली.