पहाटे चारचा गजर

प्रश्न : मावशी, सलाम. मी सत्तावीस वर्षांचा आहे, उद्यमनगरात एका वर्कशॉपला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर काम करतो. मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तीन दिवस सभा झाल्या. बाहेरून आलेले वक्ते म्हणाले, एकवीस दिवस पहाटे उठून पूर्ण मनानं देवाला शोधा, बाविसाव्या दिवशी तो भेटलाच समजा. तेव्हापासून मी चारला उठतोय. एकवीस दिवस झाले, दोनशे झाले, आता चौदा महिने होतील. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. दोघांनी देव भेटल्याची सगळ्यांसमोर साक्ष दिली, तिसरा प्रार्थनेला बसला की ढसाढसा रडतो. मला काहीच होत नाही. डोळे मिटले की मशीनवरचा जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, दिसतो. तोंडात रोज एकच वाक्य : प्रभू, मला भेट. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात निरर्थक बडबड करू नका असं म्हटलंय, मग माझं हे काय चाललंय? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, तुझ्यात तळमळ कमी पडते. बाबा म्हणतात, लई झालं, झोप आता. परवा मशीनवर डुलकी लागली आणि एक जॉब स्क्रॅप झाला. अजून किती दिवस ठोकायचं?

उत्तर : लेकरा, सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या स्क्रॅप झालेल्या जॉबसाठी. आज जॉब गेला, उद्या बोट जाईल. मी चौतीस वर्षं नर्स होते, मशीनमध्ये गेलेली बोटं रुमालात गुंडाळून आणलेली पाहिली आहेत. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी एवढं ऐक : उद्या चारचा गजर लावू नकोस. झोप. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली ‘पुरे झालं, आता माझा जीव घे’ म्हणत आडवा झाला, तेव्हा देवदूतानं त्याला तळमळीवर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. खाऊ घातलं, परत झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्याच्या पुढची आहे (१ राजे १९).

आता त्या एकवीस दिवसांबद्दल. वक्त्यांनी जे वचन घेतलं असणार ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं तेरावं. पूर्ण मनानं शोधाल तेव्हा मी तुम्हाला सापडेन, असा त्याचा भाव. त्याच्या दोनच ओळी वरचं वचन, तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत ते, आपल्या निम्म्या घरांत कॅलेंडरवर असतं. आमच्या स्वयंपाकघरातही आहे, दूधवाल्याचे खाडे मी त्याच्यावरच मांडते. पण कॅलेंडरवर दहावं वचन कोणी छापत नाही. त्यात आकडा आहे, आणि तो एकवीस नाही, सत्तर आहे. सत्तर वर्षं!

ते सगळं प्रकरण म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते धाडलं. त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय वाच. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया काय म्हणतो माहीत आहे? ‘आमेन. परमेश्वर तसं करो.’ त्यालाही दोनच वर्षं हवी होती रे. कोणाला नको असतात? पण खरं ते त्याला लिहावं लागलं : घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा. ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि याच पत्रात पुढं येतं ते ‘पूर्ण मनानं’. म्हणजे ज्यांनी पूर्ण मनानं शोधायचं होतं, ती माणसं सकाळी उठून आळ्याला पाणी घालत होती, पोरांची लग्नं जमवत होती. सगळं टाकून डोळे मिटून बसा, असं त्या पत्रात कुठंच नाही. तुला डोळे मिटल्यावर जॉब दिसतो, तर दिसू दे. तोही त्याच्यासमोर ठेव. तुझी बाग ती.

पाळकसाहेबांवर रागावू नकोस. रविवारी दीडशे माणसं सांभाळायची म्हणजे एखादं वाक्य घाईत निघून जातं. फक्त पुढच्या वेळी भेटलास की माझ्या नावानं विचार, तळमळ मोजायचा मायक्रोमीटर कोणत्या दुकानात मिळतो. तू वर्कशॉपचा माणूस, तुला खरंच उपयोगी पडेल.

रडण्याचं मी थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या पत्रात खरी ठेच तिथं लागलेली दिसते. माझं आजोळ पन्हाळ्याच्या बाजूचं. मामांच्या रानात दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागायचं आणि आम्ही पोरं दिवसभर तिथंच. काहिलीत, म्हणजे त्या मोठ्या कढईत, रस उकळायला लागला की आधी मळी वर येते, काळपट फेस. काय तो आवाज, काय ती वाफ! आम्हाला वाटायचं, झाला गूळ. गुळव्या हसायचा आणि झाऱ्यानं ती मळी काढून टाकायचा. तासाभरानं आवाज बदलायचा, रस जड व्हायचा, बुडबुडे फुटायचे तेही सावकाश. मग तो चिमूटभर पाक पाण्यात टाकून त्याची गोळी होते का बघायचा. पण मी तुला सांगणार आहे ते गुळव्याचं नाही, काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळली चिपाडं जाळायला घालणाऱ्या माणसाचं. तो खाली, खड्ड्यात. त्याला काहील दिसत नाही. रस आहे की काकवी की गूळ, त्याला ठाऊक नाही. वरून हाक आली, ‘जाळ वाढीव’, की चिपाडं सारायची. ‘जरा दमानं’ अशी हाक आली की हात आवरायचा. आमच्या मामांकडचा जो होता त्याच्या भुवया कायम जळालेल्या असायच्या, आणि संध्याकाळी त्याच्या तळहातावर गरम गुळाचा खडा ठेवला की तो फुंकर मारून आधी आम्हा पोरांना द्यायचा.

तू चौदा महिने त्या खड्ड्यात बसलास. काहिलीत काय चाललंय ते तुला दिसत नाही म्हणून काही चाललंच नाही, असं तुझ्या त्या रडणाऱ्या मित्राकडं बघून ठरवू नकोस. त्याचं रडणं खोटं असंही मी म्हणत नाही. त्याची काहील वेगळी.

पंडिता रमाबाईंचं बघ. संस्कृतच्या एवढ्या विदुषी, इंग्लंडात १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. आणि पुढं स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत बाई हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. अमेरिकेत जाऊन आल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, मग ते पुण्याला नेलं, विधवा मुलींना शिकवलं. शोध आणि काम एकाच घरात नांदत होतं. केडगावला कधी गेलास तर मुक्ती मिशन बघून ये. दौंडच्या अलीकडचं स्टेशन.

तुझ्या ‘बडबडी’चं उत्तर सोपं आहे. निरर्थक बडबड म्हणजे पुष्कळ बोललं की देव ऐकतो, असा हिशेब. तुझं तर एकच वाक्य, तेही तीन शब्दांचं. गेथशेमाने बागेत येशूनं तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं त्याच मत्तयानं सव्विसाव्या अध्यायात लिहिलंय. तेच शब्द. आणि दुःखाचा तो प्याला टळो म्हणून मागितलं, तो काही टळला नाही.

इथं मला माझं सांगावं लागेल, नाहीतर हे उत्तर खोटं होईल. आमचे हे दारू प्यायचे. मी नऊ वर्षं प्रार्थना केली. उपास केले, पहाटेचे गजर लावले, एका सभेत रुमाल अभिषेक करून देत होते तोही आणून उशीखाली ठेवला. मी नाईट ड्युटीवरून सकाळी घरी यायचे आणि बूट न काढता गुडघ्यावर बसायचे. ते वारले. माझ्याच वॉर्डाच्या शेजारच्या वॉर्डात, लिव्हरनं. त्यानंतर सात महिने मी प्रार्थना केली नाही. एक शब्द नाही. चर्चला मात्र दर रविवारी जायचे, त्याचं कारण काही फार मोठं नव्हतं. बाजाच्या पेटीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. मी नाही गेले तर गाणी पेटीशिवाय व्हायची आणि पेटी नसली की आमची मंडळी सूर कुठल्या कुठं नेते! किल्लीसाठी जायचे, मागच्या बाकावर बसायचे, उपासना संपली की कुलूप लावून घरी. अशाच एका रविवारी कुलूप लावताना मनातल्या मनात त्याला म्हणाले, ‘तुला काही वाटतं का रे?’ देवाला अरे-तुरे. घरी येईपर्यंत भांडत होते. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भांडले. भेळवाल्यानं विचारलं, ‘सिस्टर, काय झालं?’ दुसऱ्या दिवशी परत भांडले. आठवड्यानं कधीतरी ध्यानात आलं की मी रोज त्याच्याशी बोलतेय.

नवरा परत आला नाही. का वाचवलं नाही याचं उत्तरही आलेलं नाही. मी आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि अजून अधूनमधून विचारते.

लूकच्या अकराव्या अध्यायातला दाखला तुला पाठ असेल, मध्यरात्री मित्राच्या दारात तीन भाकरी मागायला गेलेला माणूस. आतला म्हणतो, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ निजलीत. एका खोलीचं घर असणार, उठायचं तर सगळ्यांना ओलांडून. मी लहानपणी अशाच खोलीत राहिलेय, मला त्या आतल्या माणसाची जास्त दया येते. तिथं आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) ‘आग्रह’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे निर्लज्जपणा. लाज गुंडाळून ठेवून ठोकणं. आता नीट बघ, त्या माणसाला स्वतःसाठी भाकर नकोय, त्याच्याकडं पाहुणा आलाय आणि घरात वाढायला काही नाही. तो दुसऱ्याच्या भुकेसाठी अपरात्री दार बडवतोय.

चौदा महिने तू ‘मला भेट’ म्हणालास. यात चूक काही नाही, स्तोत्रं याच हाकेनं भरलीत. पण महिनाभर असं करून बघ. पहाटेऐवजी शिफ्ट सुटल्यावर पंधरा मिनिटं, गाडी स्टँडवर लावून, बसून. आधी एका दुसऱ्या माणसाचं नाव घे. वर्कशॉपमधला हेल्पर, त्याची पोरगी, कोणीही. त्याच्यासाठी निर्लज्जासारखं माग. आणि जमलं तर त्याला काय हवंय ते विचारून घे, म्हणजे नुसतं वरच बोलणं राहणार नाही. मग तुझे ते तीन शब्द बोल. रडू आलं तर ये म्हणावं, नाही आलं तर घरी जा, बाबांसोबत चहा घे. ‘लई झालं’ म्हणणारा बाप चौदा महिने तुझा गजर ऐकून जागा होत असणार, हे तुझ्या लक्षात आलंय का?

किती दिवस, असं विचारलंस. प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं आणि त्याला उत्तर मिळालं, पण काटा राहिला. बाबेलच्या लोकांना सत्तर वर्षं. रमाबाईंना आठ. मला सात महिने, आणि तेही किल्लीमुळं. तुझा आकडा मी कुठून देऊ? दोन महिन्यांनी पत्र टाक. काही झालं नसेल तरी टाक.

प्रश्न : मावशी, मला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आमच्या महिला मंडळात चाळीस दिवसांचा उपास धरलाय. मी नाही धरला तर माझा विश्वास कमी, असं बायका म्हणतात. काय करू? – एक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : ताई, गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर खाली जाऊन चक्कर येईल, आणि मंडळातल्या त्याच बायका तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक जेवणही चुकवू नका. चाळीस दिवस मोबाईलवरच्या मालिका सोडा, तो वेळ स्तोत्रांना द्या. पर्समध्ये खडीसाखर असू द्या.