खराब डेटा काढता काढता वैतागलेल्या मुलीस

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आधी चिडलो, मग हसू आलं. शाळेत असताना विज्ञानदिनी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या त्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहिल्यास आणि ‘मी इथेच येणार’ म्हणून घर डोक्यावर घेतलंस. आता तिथलाच डेटा हातात आलाय, तर तक्रार काय? आकाश कुठेच नाही, दिवसभर नुसता खराब डेटा काढतेय. ‘हेच का माझं स्वप्न?’

हो, हेच.

३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या. कुठे विजेच्या तारांची ठिणगी, कुठे मोबाइल टॉवर, कुठे उपग्रह. दूरच्या दीर्घिकेचा संदेश या गोंगाटापुढे काहीच नाही. सॉफ्टवेअर बरंचसं काढतं, उरलेलं तुझ्या नजरेला काढावं लागतं. कमी काढलंस तर चित्रावर पट्टे, जास्त काढलंस तर हवं तेही गेलं. ही नजर पुस्तकातून येत नाही गं, बसूनच येते.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या आलेखाचा दररोज सुमारे ३० मीटर कागद डोळ्यांनी वाचायची. माणसांचा गोंगाट कसा दिसतो हे तिला पाठ झालं होतं, म्हणूनच त्यात न बसणारी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची खूण तिला खटकली. मार्गदर्शकांना ती आधी मानवनिर्मितच वाटली. निघाला पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा, स्वतःभोवती फिरणारा तारा. १९७४ चं नोबेल मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. तुला पल्सार सापडेल असं मी मुळीच म्हणत नाहीये. ती कागद वाचत बसली, एवढंच बघ.

माझं म्हणशील तर एमएस्सीनंतर मी नोकरी धरली. घरात कर्ज होतं, बहिणीचं लग्न होतं. आज तीच वेळ आली तरी तेच करीन, त्याबद्दल मला कुणी शिकवू नये. पण गच्चीवर बसणं सोडलं नाही. मृगातला तांबडा तारा काक्षी (बेटलज्यूज) आज रोहिणी ताऱ्यापेक्षा तेजस्वी की मंद, तेजात प्रश्वा ताऱ्याच्या किती जवळ, एवढंच पाहायचं आणि वहीत टिपायचं. वर्षानुवर्षं तेच. मग २०२० च्या फेब्रुवारीत तो रोहिणीहूनही मंद झाला, आणि जगभरातल्या असल्याच हौशी नोंदी अभ्यासकांना उपयोगी पडल्या. लोक याला छंद म्हणतात. म्हणोत. मी काम म्हणतो.

काकांच्या ओळखीने आयटीत जायचंय? खुशाल जा. पैशांची गरज असेल तर लाजू नकोस. पण ‘काम कंटाळवाणं आहे’ म्हणून जाणार असशील तर तिथेही लॉगच, म्हणजे संगणकाच्या नोंदींचे ढीगच चाळायचे आहेत, आणि ते आकाशातले नसतील.

तूर्त एक कर. ठेवावा की काढावा हे तुला ठरवता आलं नाही, असा एक आलेख मला पाठव. खाली दोन ओळींत लिही, काय वाटलं आणि का. ‘बोअर झालं’ असं उत्तर आलं तर फोन करीन, तोही सकाळी सहाला.

तुझे सर