कॅट बदलण्याआधी कॉइलची अदलाबदल करून बघा

तुमच्या गाडीत पी०३०२ आणि पी०४२० असे बिघाडाचे दोन कोड आलेत, गाडी बारा वर्षांची, पेट्रोल-सीएनजी, फ्लायओव्हर चढताना झटके देते, आणि गॅरेजवाला थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे इंजिनचा धूर स्वच्छ करणारा भाग) बदला म्हणतोय. तो खर्च आत्ता करू नका.

पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. पी०४२० एवढंच सांगतो की कॅट नीट काम करत नाही. का, ते सांगत नाही. मिसफायरमध्ये न जळलेलं इंधन कॅटमध्ये जाऊन जळतं, तो बेसुमार तापतो आणि आतली जाळी वितळते. म्हणजे नवा बसवला तरी त्याचीही तीच गत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. पीयूसी पास झालं यावर विसंबू नका. ती तपासणी उभ्या गाडीवर होते, तुमचे झटके फ्लायओव्हर चढताना येतात.

कोड पुसायच्या आधी स्कॅनरमध्ये फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाच्या इंजिनच्या नोंदी) बघून लिहून घ्या. पुसलं की तीही जाते. दर प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) असेल तर इंजिन गार असताना दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, मग कोड पुसून गाडी फिरवा. पी०३०३ आला, म्हणजे मिसफायर कॉइलबरोबर तीनवर गेला, तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. कॉइल काढलीच आहे तर तिचं रबर आणि प्लगची विहीर (प्लग बसतो तो खोल खड्डा) बघा. आपल्याकडे पावसाळ्यात, आणि सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुतल्यावरही, तिथे पाणी साचतं. तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलंय. प्लग मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणणार असाल तर ओळखीच्या दुकानातूनच घ्या, डुप्लिकेट फार.

पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर झटके, असं आहे का? सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो. ते दोन्ही चांगले निघाले तर गॅसचा इंजेक्टर तपासा.

दोन्ही इंधनांवर मिसफायर कायम असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, ते मोजणं) करून घ्या. सीएनजीवर बरीच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) झिजून टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हला पूर्ण बंद होण्यासाठी ठेवलेली फट, कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. म्हणून इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) उघडायच्या आधी तो गॅप मोजायला सांगा.